जुगारावर देखरेख ठेवणारा माणूस कसा असावा?

(जळगावात कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे वेगळं शिकवावं लागत नाही : तोलणारा व्यापाऱ्याचा माणूस असेल, तर काटा कितीही नवा असला तरी वजनावर विश्वास बसत नाही. जुगाराचा परवाना देणाऱ्या आणि हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याबाबतही हेच आधी पाहावं लागतं.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यानं १९५५ मध्ये जुगार नियंत्रण मंडळ नेमलं. सदस्य तीन, तेही पूर्णवेळ. एक प्रशासनातला, दुसरा हिशेब तपासणी किंवा वित्तव्यवहारातला जाणकार, तिसरा तपास, पोलीस किंवा कायद्याच्या क्षेत्रातला. आमदार किंवा राजकीय पक्षाचा पदाधिकारी तिथे बसू शकत नाही. ही विभागणी अनुभवातून आलेली आहे. कॅसिनोच्या रोकड मोजायच्या खोलीतून नोंद होण्याआधीच नोटा बाहेर काढल्या की कर बुडतो आणि छुप्या मालकाला वाटा पोहोचतो. ही चोरी टेबलांवरच्या नोंदी आणि मोजलेली रोकड यांचा मेळ घालणाऱ्यालाच दिसते. नुसत्या छाप्यात ती सापडत नाही.

आज मला संख्याशास्त्रज्ञही तितकाच गरजेचा वाटतो. जुगाराचं यंत्र लावलेल्या पैशांपैकी ९५ टक्के परत देतं, हा दावा लाखो डावांवरचा असतो. शंभर डाव खेळून काढलेला निष्कर्ष निरुपयोगी. यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामची मंजूर प्रत आणि यंत्रातली प्रत एकच आहे का, हेही तपासावं लागतं.

आता हितसंबंध. ‘माझा संबंध नाही’ अशी एका ओळीची सही घेऊन भागत नाही. पती-पत्नी, मुलं, भावंडं, सोयरे यांचे शेअर, कर्ज, भागीदारी, क्लबला भाड्यानं दिलेली जागा, मालपुरवठ्याचं कंत्राट, हे सगळं लिहून घ्यावं. घोटाळा बहुधा नंतर होतो : हा तपशील वर्षातून एकदा भरला जातो आणि मेहुण्याचं कंत्राट मधल्या काळात सुरू होतं. म्हणून बदल झाला की ठरलेल्या दिवसांत कळवणं सक्तीचं हवं. संबंध असलेल्या सदस्यानं विषय निघण्याआधी तो सांगावा, खोलीबाहेर जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. तो मत न देता तिथेच बसून राहिला, तर इतरांवरचा दबाव कायम राहतो. तीन जणांच्या मंडळात एक बाहेर गेला की दोघांत मतं समसमान पडू शकतात. त्यासाठी बदली सदस्याची सोय आधीच हवी.

पद सोडल्यानंतरचं बंधन सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात कॅसिनो नियंत्रण आयोगाच्या सदस्याला चार वर्षं कॅसिनोची नोकरी धरता येत नाही. नेवाडात हे बंधन एक वर्षाचं आहे, आणि ते मला अपुरं वाटतं. पुढच्या पगारावर डोळा असलेला सदस्य आजच्याच फाइलवर मऊ पडतो.

आपल्याकडे जुगार हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय. १८८७ चा महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंध कायदा मुख्यतः पोलीस कारवाईचा आहे, तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली. सरकारी लॉटरी मात्र कायदेशीर आहे. १९९८ च्या कायद्यानुसार सोडत राज्यानं स्वतः काढायची असते. म्हणजे विकणारा आणि सोडत काढणारा एकच. अशा वेळी विक्रीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याकडे सोडतीची देखरेख देऊ नये. न विकलेल्या तिकिटांचे क्रमांक सोडतीआधी मोजून, रद्द करून, तिसऱ्याच विभागाच्या माणसाच्या सहीनं मोहोरबंद करावेत. नाहीतर बक्षीस लागल्यावर न विकलेलं तिकीट विकलं म्हणून दाखवायला वाट उघडी राहते.