फुलांचं दुकान आणि शाईचे डाग

(एका वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी दाराशी चिठ्ठ्यांसाठी डबा ठेवला, हे फार बरं केलं. तोंडावर न विचारता येणारे प्रश्न लिहून विचारायची आपल्याकडची रीत जुनी आहे. र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे. त्यापायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. माझ्यावर आज तशी वेळ येणार नाही अशी आशा आहे.

तर ही चिठ्ठी. नाव नाही. “मुलगा एकोणीस वर्षांचा. हळवा आहे, मित्र कमी, स्वयंपाकात रमतो, कविता करतो. ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्टमध्ये आयएनएफपी आलं. असे लोक समलिंगी जास्त असतात असं वाचलं. यावरून काही कळतं का?” ‘काही’ या शब्दाखाली दोन रेघा आहेत. (आयएनएफपी म्हणजे त्या चाचणीतल्या सोळा स्वभावप्रकारांपैकी एक.)

आजचा माझा विषय दुसरा होता, पण तो थोडा बाजूला ठेवू. दोन रेघा मारलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं नाही.

स्वभावावरून लैंगिक कल ओळखता येतो, हे मानसशास्त्राने एके काळी अगदी मनापासून मानलं होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एमएमपीआय नावाची मोठी प्रश्नावली तयार झाली, तिच्यात ‘पुरुषीपणा–बायकीपणा’ अशी एक पट्टी होती. ती बेतताना समलिंगी पुरुष म्हणून किती जण घेतले होते? १३. तेरा माणसांच्या अंगावर माप घेऊन शिवलेला सदरा पुढे कित्येक वर्षं साऱ्या जगाला घालून पाहिला गेला. त्या प्रश्नावलीतली विधानंही ऐका. मला कविता आवडतात. मला फुलांचं दुकान चालवायला आवडेल. होय म्हटलंत की पट्टीवर बायकीपणाकडे सरकलात. आता तुम्ही पहाटे दादरच्या फुलबाजारात जाऊन बघा. झेंडूच्या ढिगाशेजारी बसून भावासाठी हमरीतुमरीवर आलेले पुरुष बघा आणि सांगा मला. आणि कवितेचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या निम्म्या पुरुषांचा निकाल तिथेच लागेल.

दुसरं हत्यार होतं रोर्शाकचे शाईचे डाग. दहा कार्डं असतात, त्यांत काय दिसतं ते सांगायचं. १९४९ मध्ये व्हीलर या संशोधकाने वीस खुणा काढल्या, म्हणजे अमुक दिसलं तर समलिंगी कल संभवतो अशा. पुढे आमच्या धंद्यात त्यांतल्या काही खुणा वेदवाक्यासारख्या चालल्या.

त्यांतली एक मीही वापरली, तेही सांगून टाकतो. १९८६ साली मी एका इस्पितळात शिकाऊ होतो. बाविशीतल्या एका मुलाला वडील घेऊन आले होते. लग्नाला नाही म्हणतो, कारण सांगत नाही, एवढीच तक्रार. मी त्याच्यासमोर तिसरं कार्ड ठेवलं. त्यात दोन माणसं समोरासमोर वाकलेली दिसतात, बहुतेकांना दिसतात. तो म्हणाला, “दोघं मिळून काहीतरी उचलतायत. बायका आहेत की पुरुष, ते कळत नाही.” मी त्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि अहवालात लिहिलं, ‘सूचक लक्षणे आढळतात.’ वरिष्ठांनी पाठ थोपटली. खरं तर त्या चित्रातली माणसं बायका की पुरुष हे मलाही कधी ठरवता आलेलं नाही. मुद्दाम काढल्यासारखं संदिग्ध आहे ते चित्र.

वाईट याचं वाटतं की ही खूण फोल असल्याचं तेव्हा सतरा वर्षांपूर्वीच छापून आलं होतं. १९६९ मध्ये लॉरेन आणि जीन चॅपमन या नवराबायकोने एक गंमत केली. आधी त्यांनी ३२ अनुभवी तज्ज्ञांना विचारलं, की समलिंगी पुरुषांच्या उत्तरांत तुम्हाला काय आढळतं? तज्ज्ञांनी मुख्यतः ज्या खुणा सांगितल्या, त्या आधीच्या संशोधनात टिकल्याच नव्हत्या. बायकी कपडे, कुल्ले, बाई की पुरुष न कळणारी आकृती, असल्या. ज्या दोन खुणांना थोडाफार आधार होता, त्या जवळजवळ कोणी घेतल्याच नाहीत. त्यांतली एक होती चौथ्या कार्डात अक्राळविक्राळ प्राणी किंवा माणूस दिसणं. राक्षस आणि समलिंगी, मनात जोडी जुळत नाही ना? म्हणून ती कोणाच्या लक्षात राहिली नाही.

पुढची पायरी तर आणखी भारी. त्यांनी मानसशास्त्राचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यांना कार्डं दाखवली. प्रत्येक कार्डावर एक उत्तर आणि ते देणाऱ्याबद्दलची माहिती, आणि दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध येणार नाही अशी मांडणी. तरी मुलांना संबंध ‘दिसला’, आणि नेमका तोच, जो तज्ज्ञांना वर्षानुवर्षांच्या अनुभवातून दिसला होता! मग खऱ्या खुणांची जोडी मुद्दाम शंभर टक्के जुळवून दाखवली, तरी मुलं खोटीच खूण सांगत राहिली. म्हणजे मी ज्याला माझं शिक्षण समजत होतो, ते मी गल्लीतूनच घेऊन आलो होतो. इस्पितळाने फक्त पेन्सिल दिली.

याच्याही आधी एक बाई असल्या खुणांची परीक्षा घेऊन बसल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर. सॅम फ्रॉम नावाचा त्यांचा विद्यार्थी समलिंगी होता. तो त्यांच्या मागे लागला, की तुम्ही नेहमी दवाखान्यात आलेले किंवा तुरुंगातले लोक तपासता, आमच्यासारख्यांना तपासा ना. काळ अमेरिकेतल्या सिनेटर मॅकार्थीचा, संशयितांना हुडकून काढण्याचा. कोण समलिंगी आहे हे बाहेर फुटलं तर नोकरी जायची. म्हणून हुकरबाईंनी चाचण्या विद्यापीठात न घेता आपल्या घरच्या बागेतल्या अभ्यासिकेत घेतल्या. ३० समलिंगी पुरुष आणि ३० भिन्नलिंगी, वय, शिक्षण, बुद्ध्यंक यांच्या जोड्या लावून. मजा म्हणजे अडचण दुसऱ्या गटाची झाली. आपलं नाव असल्या अभ्यासात नको म्हणून भिन्नलिंगी पुरुष मिळेनात.

मग नावं काढून ते कागद रोर्शाकमधले त्या काळचे दिग्गज ब्रूनो क्लॉप्फर यांच्यापुढे ठेवले. आणखी दोन परीक्षक होते. कोण कुठल्या गटातला हे त्यांना ओळखता आलं नाही. जोडी समोर ठेवली तरी नाणं उडवल्याइतकाच निकाल. मानसिक समायोजनात दोन्ही गटांतले साधारण दोन तृतीयांश पुरुष सर्वसाधारण किंवा त्याहून बरे निघाले. १९५७ साली हे छापून आलं आणि १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्या वाटेवरचा हा एक मैलाचा दगड.

आता कोणी म्हणेल, म्हणजे काहीच संबंध नाही? तसंही नाही, आणि ते लपवणं मला पटत नाही. अलीकडच्या मोठ्या पाहण्यांत सरासरीत लहानसे फरक दिसतात. नव्या अनुभवांची ओढ उभयलिंगी, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांकडे कल असलेल्या, लोकांत थोडी जास्त, चिंतेकडचा कल समलिंगी पुरुषांत थोडा जास्त. पण सतत कोणीतरी आपल्याला ओळखेल या धास्तीत जगणाऱ्याची चिंता स्वभावातली की परिस्थितीतली? शिवाय आपला कल पाहणीत मोकळेपणाने सांगणारा माणूस मुळातच जरा मोकळा असणार. लहानपणी मुलींच्या खेळांत रमण्याचा संबंध मात्र बराच ठळक आहे, पण तिथेही अपवादांचे ढीग आहेत.

थोडं गणित करू. समजा हजार पुरुषांत ४० समलिंगी. समजा हळवेपणा त्यांच्यातल्या निम्म्यांत आहे आणि बाकीच्यांत फक्त पावभागात, म्हणजे दुप्पट फरक धरला, प्रत्यक्षात आढळतो त्याहून कितीतरी जास्त. तर हळवे समलिंगी झाले २०, आणि बाकीचे हळवे २४०. २६० हळव्यांत २०. तेरांत एक. एवढी उदार सवलत देऊनही तुमचा अंदाज तेरांपैकी बारा वेळा चुकणार.

आणि त्या आयएनएफपीबद्दल दोनच वाक्यं. ती पद्धत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी रचली, दोघीही प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. माणसं बहुधा मधे असतात, तिथे ही पद्धत मधोमध रेघ मारून सोळा खण पाडते, आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्यांना, ज्या कोणी आई किंवा बाबा इथे बसला असाल त्यांना: नाही, यावरून काही कळत नाही. दोन रेघांसकट. फक्त एक मला विचारायचं होतं. तो निकाल तुमच्या हातात आला कसा? त्याने स्वतः येऊन दाखवला असेल, तर तो तुमच्याशी बोलतोय. घाईने पुढचा प्रश्न टाकू नका, त्याच्या हातची भाजी कशी झालीय तेवढं सांगा आणि बसा शेजारी. त्याचा मोबाइल उघडून पाहिला असेल, तर तो परत ठेवा. आणि त्याला घेऊन माझ्यासारख्या कोणाकडे लाल पेन्सिल शोधत येऊ नका.

ही दुसरी चिठ्ठी झोपेच्या गोळ्यांबद्दल आहे. हां, विचारा.