कौल मागितला, आता पाळायचा कुणी?

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'सार्वमतानंतर लोकप्रतिनिधींचं कर्तव्य'. विषय लंडनचा आहे, आणि लंडनला आपण जाणारच आहोत. पण मला सार्वमत म्हणजे काय ते आत्याच्या गावात कळलं, म्हणून गाडी आधी तिकडं वळवतो.

'आडवी बाटली' ठाऊक नाही असं इथं कुणी आहे का? हसलात, म्हणजे ठाऊक आहे. तरी पुण्यामुंबईचे पाहुणे असतील त्यांच्यासाठी सांगतो. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर किमान पाव हिश्श्याच्या महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा. सह्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान. चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. आणि अट अशी कडक की झालेल्या मतांत बहुमत मिळून भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी घरात बसली, तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूनं.

आत्यानं या सह्यांसाठी दोन महिने उंबरे झिजवले. पडताळणीला साहेब आले त्या दिवशी बायका भांगलणीचा रोज बुडवून चावडीपुढं बसून होत्या. मतदानाला एक ऐंशीच्या पुढची आजी रांगेत विचारत होती, "शिक्का कुठल्या बाटलीवर गं, उठलेल्या का निजलेल्या?" मागनं उत्तर आलं, "आपलं म्हातारं घरी येऊन पडतंय न्हवं, तशी असंल तिच्यावर!" पारावर बसलेले पुरुष त्या दिवशी पहिल्यांदा माना खाली घालून बसलेले मी पाहिले.

बाटली आडवी झाली. गुलाल उधळला, आणि हार कुणाच्या गळ्यात? गावच्या एका निवडून आलेल्या कारभाऱ्याच्या. चार महिन्यांनी शिवेच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला, पत्र्याचं शेड उभं राहिलं. तीच माणसं, तोच माल. आत्या त्या कारभाऱ्याकडं गेली, मी बरोबर होतो. तो म्हणाला, "आक्का, लायसन बंद झालं म्हंजे कौल पाळला. शिवंपल्याडचं माझ्याकडं न्हाई." आत्या म्हणाली, "आरं, आमी मत काय कागदाला दिलं व्हतं व्हय? पोरं घरी शुद्धीत यावीत म्हनून दिलं. बाटली आमी आडवी केली, ती उभी ऱ्हाऊ नये हे बघायला तुला निवडलाय."

कौलाचं अक्षर पाळून त्याचा जीव घ्यायचा, हा प्रकार मी तिथं पाहिला. त्यानंतर जगात कुठंही सार्वमत झालं की मला ते शेड दिसतं.

आता लंडन. २३ जून २०१६ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं? मतदान ७२.२ टक्के, बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के. आत्याच्या गावची अट तिथं असती तर कौल नापास झाला असता, कारण यादीतल्या एकूण मतदारांशी ताडलं तर ते ३७ टक्क्यांच्या आसपास भरतात. पण ती अट तिथं नव्हती, आणि खेळ संपल्यावर नियम बदलता येत नाहीत. कायद्यानं ते सार्वमत निव्वळ सल्ला होतं. मात्र सरकारनं घरोघर जे पत्रक वाटलं, त्यात लिहिलं होतं की तुम्ही ठरवाल ते आम्ही अमलात आणू. कायद्यात सल्ला आणि पत्रकात वचन! सगळा घोळ या फटीत आहे. शिवाय 'राहायचं' म्हणजे काय ते माहीत होतं, 'बाहेर' म्हणजे नेमकं कुठं हे कुणी ठरवलंच नव्हतं. म्हणून साडेतीन वर्षं भांडण चाललं. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत जानेवारी २०१९मध्ये ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला आणि देश बाहेर पडला तो ३१ जानेवारी २०२०ला.

याउलट आपल्या शेजारी बघा. माझ्या आवडीचा माणूस आला, आता थोडं जास्त बोलणार. गोव्याचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा यासाठी त्यांचा जीव तुटत होता. जनमत कौल ठरला तेव्हा विरोधक म्हणाले, विलीनीकरणवादी मुख्यमंत्री खुर्चीवर असताना निकोप मतदान कसं होणार? बांदोडकरांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ला मतदान झालं. विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. आपण हरलो. 'आपण' म्हणतो, कारण महाराष्ट्रातून प्रचाराला माणसं गेली होती, आणि देशाचे गृहमंत्री तेव्हा आपल्या कराडचे यशवंतराव होते. पण कौल कुणी फिरवला नाही. अवघ्या दोनेक महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोवेकरांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. नको होता तो वेगळा गोवा त्यांनी १९७३ साली मरेपर्यंत चालवला. शाळा काढल्या, संसार थाटावा तसा थाटला. हरलेल्या माणसाच्या हाती कौल इतका सुरक्षित राहिलेला मला दुसरीकडं दिसत नाही.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. मूळ मुद्दा राहिलाच, तो भरभर सांगतो.

प्रश्न विचारायला ज्यानं संसदेत हात वर केला, त्यानं उत्तर पाळलं पाहिजे. ब्रिटनच्या खासदारांनी सार्वमताचं विधेयक दुसऱ्या वाचनात ५४४ विरुद्ध ५३ मतांनी पुढं नेलं होतं. मग उत्तर आवडलं नाही म्हणून पाठ फिरवता येत नाही. नसेल झेपत तर खुर्ची सोडावी. सत्ताधारी हुजूर पक्षाचे खासदार केनेथ क्लार्क यांनी फेब्रुवारी २०१७मध्ये पक्षाचा आदेश मोडून बाहेर पडण्याच्या विधेयकाविरोधात मत दिलं, त्यांच्या पक्षातले ते एकटे. त्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांची युरोपनिष्ठा मतदारांना आयुष्यभर माहीत होती.

आता कौल किती दिवस बांधतो? स्वीडनमध्ये १९५५ साली ८३ टक्के लोकांनी उजव्या बाजूनं गाडी चालवायला नकार दिला. १९६३ला संसदेनं उलट ठरवलं आणि सप्टेंबर १९६७मध्ये सगळा देश उजवीकडं गेला. मध्ये निवडणुका झाल्या होत्या, चर्चा उघड झाली, म्हणून ते मला चालतं. ग्रीसमध्ये जुलै २०१५ला कर्ज देणाऱ्यांच्या अटींना ६१ टक्के 'नाही' म्हणाले आणि आठवड्याभरात सरकारनं त्याहून जाचक अटी कबूल केल्या. ते चालत नाही. नाइलाज असेल, पण मग विचारलं कशाला? आपल्या राज्यघटनेत राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नाही. ती आणा म्हणणाऱ्यांनी आधी दोन्ही उत्तरांचा आराखडा लिहून दाखवावा आणि मग मत मागावं.

घंटा झाली. ओढ्याकाठचं शेड अजून आहे. आत्या एकाहत्तर वर्षांची आहे, परवा तिचा फोन आला होता. ग्रामपंचायतीच्या अर्जाला कुठकुठली कागदं जोडावी लागतात, एवढंच विचारत होती.