संकष्टीचे काका आणि लशीची नोंद

नमस्कार, श्रोतेहो. आजचा विषय एमआरएनए लस. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. शास्त्राचा भाग मी झटपट उरकते, कारण मला खरं तर पुढची गोष्ट सांगायची आहे.

मिसळीच्या हॉटेलात वेटर भटारखान्यात चिठ्ठी देतो, ‘दोन मिसळ, एक कमी तिखट’. मिसळ तयार झाली की चिठ्ठी कचऱ्यात. मालकाची मसाल्याची वही कुलपात असते, तिथवर चिठ्ठी पोचतच नाही. एमआरएनए म्हणजे ही चिठ्ठी. ती आपल्या पेशीत जाते, पेशी तिच्याबरहुकूम करोना विषाणूच्या अंगावरच्या काट्याचं प्रथिन बनवते, शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि प्रतिपिंडं, म्हणजे त्याच्याशी लढणारी प्रथिनं, तयार करू लागतं. चिठ्ठी काही दिवसांत नष्ट होते. मसाल्याची वही म्हणजे आपला डीएनए, तो पेशीच्या केंद्रकात, आणि चिठ्ठी केंद्रकात जात नाही. पुन्हा सांगते, केंद्रकात जात नाही. ती फार नाजूक, म्हणून स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळून टोचतात. शिवाय मूळ रूपात टोचली तर शरीर तिच्यावरच तुटून पडायचं. तिच्यातला एक घटक बदलला की ते टळतं, हे कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवलं. 2023 चं नोबेल त्यांना मिळालं.

आता, ही लस सुरक्षित आहे हे ठरवतात कसं? त्यासाठी चला ठाण्यातल्या पाचपाखाडीत.

2021 चा उन्हाळा. एका शाळेत लसीकरण केंद्र होतं, मी सासूबाईंना घेऊन गेले होते. जुनी शाळा, भिंतभर खिडक्या, वारा खेळता. हल्लीच्या शाळा बघा, काचा बंद आणि एसी चालू. मुलांना घाम यायला नको म्हणे! असो. लस टोचली की अर्धा तास बाकावर बसायचं. आमच्या पुढच्या बाकावर एक काका होते, पांढरा झब्बा, हातात भाजीची पिशवी. दहा मिनिटांत काकांची मान कलली, पिशवी सुटली आणि वांगी खोलीभर घरंगळली. झाला गोंधळ! “लशीची रिॲक्शन! रिॲक्शन!” रांगेतले दोघे तर तिथूनच घरी निघाले.

सिस्टर मात्र शांत. काकांना बाकावर आडवं केलं, पाय वर उचलून धरायला मला सांगितलं, नाडी बघितली. काकांनी डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न, “काका, सकाळपासून काय खाल्लंत?”

काका पुटपुटले, “संकष्टी आहे.”

“अहो, पण साबुदाण्याची खिचडी तरी?”

“आमच्याकडे चंद्रोदयापर्यंत फक्त पाणी.”

सगळे हसले. सासूबाईंनी पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून दिली. (उपासाला साबुदाण्यापेक्षा राजगिरा केव्हाही बरा, पण ऐकतं कोण?) मला वाटलं, विषय मिटला. पण सिस्टरांनी फॉर्म ओढला आणि लिहायला घेतलं: वेळ, लशीच्या कुपीचा बॅच नंबर, चक्कर, उपाशीपोटी.

मी म्हटलं, “सिस्टर, हे तर उपासामुळे झालं ना?”

“ताई, कशामुळे ते वरचे ठरवतील. माझं काम लिहायचं.”

श्रोतेहो, सगळी मेख इथे आहे. लस तिथे एमआरएनए नव्हती, आपल्याकडे तेव्हा मुख्यतः कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन. पण तपासायची रीत एकच: जे घडेल ते आधी लिहायचं, कारण नंतर शोधायचं. प्राण्यांवरच्या चाचण्यांनंतर माणसांवर तीन टप्पे होतात, आधी मोजकी माणसं, मग शेकडो, मग हजारो. फायझर कंपनीच्या एमआरएनए लशीच्या चाचणीत सुमारे 44 हजार लोक होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय टोचलं हे त्यांनाही ठाऊक नाही. ताप, डोकेदुखी, चक्कर, सगळं नोंदवायचं. मिठाच्या पाण्याच्या गटातही डोकी दुखलीच! लसवाल्यांत त्याहून किती जास्त दुखली, तो फरक लशीच्या खात्यावर.

टोचल्यानंतर झालं म्हणजे टोचल्यामुळेच झालं, असं नाही. आणि टोचल्यामुळे झालंच नसेल, असंही नाही. म्हणून तर 2021 मध्ये, एमआरएनए लस कोट्यवधींना दिल्यावर, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार सापडले. विरळाच, बहुतेक तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर आठवडाभरात. इतकी विरळा गोष्ट हजारोंच्या चाचणीत दिसत नाही, ती बाजारात आल्यानंतरच्या नोंदींतूनच कळते. आपल्या पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकते. तिलाही हीच रीत.

तेव्हा कुठलीही लस घेतल्यावर त्रास वाटला तर व्हॉट्सॲपवर नंतर टाका, आधी केंद्रावर सांगा. भारतीय औषधसंहिता आयोगाचा टोल फ्री नंबरही आहे, लिहून घ्या: 1800-180-3024. पुन्हा एकदा, एक आठ शून्य शून्य, एक आठ शून्य, तीन शून्य दोन चार. फोन करताना लशीचं कार्ड हाताशी ठेवा, आणि बीपी-शुगरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही सांगा. नमस्कार.