सगळीकडे उशिरा पोचलेली युद्धनौका

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं बंदर आहे. तिथल्या जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांची एक युद्धनौका पाण्यात उभी असते. लाकूड मलबारचं, सागवानी. बांधली आपल्या मुंबईत, वाडियांच्या गोदीत. नाव ‘त्रिंकोमाली’, सिलोनमधल्या बंदराचं. 1817 साली ती पाण्यात उतरली आणि आजही तरंगते आहे.

आता युद्धनौका म्हटली की आपण विचारतो, कुणाला बुडवलं? हिने कुणालाच नाही. एकही समुद्री लढाई हिच्या नावावर नाही. माझ्या मते ती टिकली त्याचं अर्धं श्रेय सागवानाला आणि अर्धं उशिराला.

हा उशीर तिच्या जन्माआधीच सुरू झाला. ऑक्टोबर 1812 मध्ये तिची ऑर्डर निघाली. नेपोलियनशी लढाया चालू होत्या, इंग्लंडला ओकचं लाकूड पुरत नव्हतं, म्हणून मुंबईला काम दिलं. नौका फ्रिगेट जातीची, म्हणजे मोठ्या तीन मजली जहाजांच्या मानाने लहान आणि चपळ, 46 तोफांची. गंमत म्हणजे तिची घडण मुळात फ्रेंचांची. 1782 साली इंग्रजांनी ‘हेबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली होती, तिच्यावर हा नमुना बेतला होता. नकाशे ‘जावा’ या जहाजावरून मुंबईकडे निघाले, आणि 29 डिसेंबर 1812 ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. ‘जावा’ हरली, इतकी खिळखिळी झाली की अमेरिकनांनी ती जाळूनच टाकली. नकाशे गेले.

त्याच जहाजावर मुंबईला नेमणुकीवर निघालेले जनरल थॉमस हिस्लॉप होते. कैद झाले, सुटले. हे नाव लक्षात ठेवा.

नकाशांचा दुसरा संच मुंबईला पोचून काम सुरू व्हायला मे 1816 उजाडला. तोवर वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरून वर्ष होत आलं होतं. बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया. वाडियांच्या गोदीत गलबताचा कणा, ज्याला आपले कोकणातले लोक ‘पठाण’ म्हणतात, तो बसवताना त्यात चांदीचा खिळा ठोकायची रीत होती. डोळ्यांसमोर आणून बघा. भोवती सागवानाचे ओंडके, करवतीचा भुसा, घामाघूम सुतार, आणि त्या सगळ्यात बोटभर चांदी जी पुन्हा कुणाला दिसणार नाही. सागवानात तेल असतं, त्यामुळे त्यात ठोकलेलं लोखंड लवकर गंजत नाही. ओकचा आंबटपणा मात्र खिळे खाऊन टाकतो. इंग्रज खलाशांची सागवानाबद्दल एकच तक्रार होती: तोफगोळा लागून उडालेली त्याची ढलपी अंगात घुसली की जखम चिघळते. ‘त्रिंकोमाली’वर ती पाळी कुणावर आली नाही.

12 ऑक्टोबर 1817 ला नौका पाण्यात उतरली. खर्च 23,642 पौंड. पुढे महिन्याच्या आतच, 5 नोव्हेंबरला, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली. आणि 21 डिसेंबरला महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती कोण, तर तेच हिस्लॉप. नकाशांबरोबर पकडले गेलेले. आपल्याकडे म्हणतात ना, जग लहान आहे. हे मात्र जरा जास्तच लहान.

इंग्लंडला जाताना 24 जानेवारी 1819 ला ती सेंट हेलेना बेटावर थांबली. जिच्या बांधणीचं कारण नेपोलियन, ती त्याच्या दाराशी पोचली तेव्हा तो कैदी! सहा दिवस ती तिथे होती. नेपोलियनला तपासणारे डॉक्टर जॉन स्टोको तिथूनच तिच्यावर चढले. 30 एप्रिलला ती पोर्ट्समथला लागली, आणि तिथे तिला राखीव ठेवून दिलं. थोडीथोडकी नव्हे, सव्वीस वर्षं!

1845 मध्ये तिची आठवण झाली. मागची बाजू नव्याने घडवली, तोफा कमी पण जास्त ताकदीच्या बसवल्या, आणि फ्रिगेटची कॉर्वेट, म्हणजे तिच्याहून खालच्या दर्जाची युद्धनौका, झाली. वाफेची जहाजं धूर सोडत फिरू लागली होती, आणि ही शिडं उभारून 1847 ला निघाली. वेस्ट इंडीजकडे गुलामांच्या चोरट्या व्यापारावर पहारा, मग न्यूफाउंडलंड. 1852 पासून पॅसिफिक महासागर. क्रिमियाचं युद्ध पेटलं तेव्हाही ती जगाच्या दुसऱ्या टोकाला होती.

सगळंच निरुपद्रवी होतं असं मात्र नाही. 1856 मध्ये आजच्या कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावर एका मूळनिवासी तरुणाने एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडली. गव्हर्नर जेम्स डग्लस याच नौकेच्या बळावर चारशेच्या आसपास माणसं घेऊन काउइचन खोऱ्यात गेले, जागच्या जागी खटला चालवला आणि त्या तरुणाला फाशी दिली. तोफ डागावी लागली नाही, कारण ती दिसली एवढंच पुरलं. त्या किनाऱ्यावरच्या एका सागरी मार्गाला आजही त्रिंकोमाली चॅनेल म्हणतात.

1857 ला ती परतली आणि पुढे पोरांना नौकानयन शिकवणारी शाळा झाली. 1897 साली ती मोडीत निघाली होती. पण त्याच वर्षी प्रसिद्ध इंग्रज नौसेनापती नेल्सनचं जुनं जहाज ‘फुद्रॉयाँ’ ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. त्याचे मालक जॉर्ज व्हीटली कॉब यांना बदली जहाज हवं होतं. त्यांनी हिला घेतलं आणि नावही ‘फुद्रॉयाँ’च ठेवलं. त्या परक्या नावाने ती 1986 पर्यंत मुलं घडवत राहिली. मग हार्टलपूलच्या कारागिरांच्या हाती लागली, मूळ नाव परत मिळालं, आणि 2001 ला डागडुजी पूर्ण झाली.

आणि जिने तिचे पहिले नकाशे समुद्रात घालवले, ती ‘कॉन्स्टिट्यूशन’? तीही आहे. अमेरिकेत, बॉस्टनच्या बंदरात, अजून तरंगत.