आधी भाजी, चवीपुरतं फळ

(कोल्हापुरात महिला मंडळ आणि ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. घरी भाज्यांचा आणि फळांचा रस सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "ताई, यंत्र कुठलं घेऊ?" माझं उत्तर सरळ आहे. आज कुठलंच घेऊ नका. तुमच्या घरात मिक्सर आहे, किसणी आहे, एखादं स्वच्छ मलमलचं फडकं आहे. तेवढ्यावर महिनाभर रस करा. महिन्यानंतरही घरातली माणसं रस मागत असतील तर यंत्राचं बघू. त्याबद्दल शेवटी बोलणारच आहे.

दोन लहान ग्लासांचं प्रमाण सांगते. दोन मध्यम काकड्या, एक गाजर, अर्धं छोटं बीट, बोटाच्या पेराएवढं आलं, मूठभर कोथिंबीर किंवा पुदिना आणि अर्धं लिंबू. गाजर आणि बीट सोलून किसा, किंवा अगदी बारीक चिरा. मोठे तुकडे टाकले की मिक्सर नुसता घरघरतो आणि तुकडे पात्याच्या वर फिरत राहतात. आधी काकडी घाला, कारण तिच्यात शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी असतं. ती लगेच पातळ होते आणि बाकीच्यांना फिरायला वाट मिळते. मग पाला, मग गाजर-बीट. लागलंच तर अर्धी वाटी पिण्याचं पाणी. सलग फिरवू नका, थांबत थांबत अर्धा-पाऊण मिनिट पुरतं. नंतर पातेल्यावर ओलं फडकं टाकून त्यात हे सगळं ओता आणि पिळा. तालमीत थंडाई पंचातून गाळतात, तसंच. पहिल्यांदा हलक्या हातानं पिळा, नंतर पुरचुंडीला पीळ देऊन जोरानं. लिंबू शेवटी, रसात पिळायचं. मिक्सरमध्ये लिंबाची साल किंवा बी गेली की रस कडवट होतो.

चवीला मीठ चिमूटभर, हवं तर जिरेपूड. ज्यांचं रक्तदाब वाढलेलं आहे त्यांनी मीठ घालूच नये. लिंबू आणि आलं असलं की त्याची उणीव भासत नाही.

आता कुणी सांगतं, मिक्सर जोरात फिरतो, त्याच्या उष्णतेनं सगळी सत्त्वं मरतात, म्हणून महागडं यंत्रच हवं. अर्धा मिनिट फिरवल्यानं रस काही उकळत नाही. भाजीतली एन्झाइम्स जातात असंही म्हणतात. ती एन्झाइम्स त्या भाजीच्या स्वतःच्या कामाची असतात. आपल्या पोटातल्या आम्लात ती इतर प्रथिनांसारखीच पचून जातात. खरं नुकसान होतं ते हवेमुळे आणि वेळेमुळे. क जीवनसत्त्व हवेनं कमी होत जातं, सफरचंदाचा रस बघता बघता तांबूस पडतो, मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो. म्हणून एकच नियम पाळा, केला की प्यायचा. पहाटे करून दुपारच्या डब्यात देऊ नका. अगदीच ठेवायची वेळ आली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. बीट, पालक यांचा रस बाहेर तर मुळीच ठेवू नये. त्यांच्यातल्या नायट्रेटचं जंतूंमुळे नायट्राइट होतं आणि ते लहान बाळांना घातक असतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर कुठलाच रस द्यायचा नाही, ताजा असला तरी नाही.

मी सांगितलेल्या प्रमाणात फळ कुठे आहे, असं तुमच्या मनात आलं असेल. लिंबू सोडलं तर नाहीच, आणि आज मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. रस भाजीचा करायचा आणि फळ त्यात चवीपुरतं घालायचं. सुरुवातीला घशाखाली उतरत नसेल तर अर्धं सफरचंद घाला, एखादी मोसंबी घाला, दोन आवळे घाला. चार-आठ दिवसांनी ते कमी करत आणा. उलटं करू नका.

कारण सांगते. मोसंबीचा एक ग्लास रस काढायला तीन-चार मोसंबी लागतात. एका बैठकीला चार मोसंबी सोलून खाणारी माणसं थोडी. रस मात्र दोन मिनिटांत संपतो. चोथा मागे राहिला, साखर पुढे गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शन दिलं, त्यात फळांच्या रसातली साखर ही वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजली आहे. अख्ख्या फळातली साखर तशी मोजत नाहीत. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला अशी साखर ५० ग्रॅमच्या आत हवी, आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत.

मग आपल्याकडचा उसाचा रस. कोल्हापुरात या विषयावर बोलायचं आणि त्याला वगळायचं, हे शक्य नाही. गुऱ्हाळावर गेलेल्या पाहुण्याला रस पाजल्याशिवाय आपण सोडत नाही, आणि उन्हाळ्यात रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की पाय आपोआप वळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४च्या आहार मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की उसाच्या १०० मिलि रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या ग्लासात ३२ ते ३७ ग्रॅम. एका ग्लासात दिवसाची २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडून गेलात. गुऱ्हाळावर गेलात तर जरूर घ्या, आनंदानं घ्या, ग्लास दोघांत वाटून घ्या. पण "नैसर्गिक आहे, काय होतंय" म्हणून रोज घरी आणू नका. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर नाहीच. काकडी, टोमॅटो, दुधी, कोहळा यांच्या रसात साखर त्याच्या तुलनेत अगदी थोडी असते. गाजर-बीट मध्ये कुठेतरी, म्हणून तीही बेतानं.

दुधीचं नाव निघालं, तिथे जरा थांबते. आजच्या सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य घरी न्यायचं झालं तर हे न्या. कडू दुधीचा रस पिऊ नका. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमून अशा प्रकरणांचा अभ्यास केला. काकडी, दुधी, भोपळा या सगळ्या वेलींच्या कुळात कुकुर्बिटॅसिन नावाचं कडू द्रव्य असतं. एरवी ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात फार वाढतं, आणि ते बाहेरून ओळखता येत नाही. रंग तोच, वजन तेच, देठ हिरवागार. ओळखायची एकच रीत आहे. चिरल्यावर छोटा तुकडा जिभेवर ठेवायचा. कडू लागला तर थुंकायचा, चूळ भरायची आणि तो दुधी टाकून द्यायचा. काकडीचंही तेच, दोन्ही टोकं चाखून बघा.

मगाशी एका काकूंनी विचारलं, "कडू लागला तर साखर घालून चालंल का?" नाही काकू, चालणार नाही. साखरेनं चव झाकते, विष तिथेच राहतं. शिजवूनही वापरू नका. म्हणूनच दुधीच्या रसात कारलं मिसळायचं नाही. कारलं कडूच असतं, त्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा कळणारच नाही. औषध म्हणून पितोय, कडू असणारच, असं समजून लोक डोळे मिटून अख्खा ग्लास रिचवतात आणि तिथेच घात होतो. दुधीचा रस प्यायल्यावर पोटात कळ आली, उलटी झाली, जुलाब सुरू झाले, तर घरचे उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना काय प्यायलात ते सांगा. त्यावर उतारा नाही, पण वेळेवर उपचार मिळाले तर माणूस वाचतो.

भाजी आणायची कुठून, हे तुम्हाला मी काय सांगणार. कपिलतीर्थ मंडई आहे, लक्ष्मीपुरीचा बाजार आहे, शिरोळ भागातला ताजा माल रोज येतो. हंगाम मात्र बघा. थंडीत लाल गाजर आणि आवळा, उन्हाळ्यात काकडी, कोहळा, पुदिना. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची रसात घालूच नका. पाल्याला चिखल असतो, पाणी गढूळ असतं, आणि शिजवताना मरणारे जंतू रसात जिवंतच राहतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची केवढी मोठी साथ आली होती, ती पिण्याच्या पाण्यातून. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या आपण कच्चं काही पिताना ही आठवण ठेवायलाच हवी. पाला पातेलंभर पाण्यात बुडवून हलवा आणि पाला वर उचलून घ्या. पातेलं चाळणीवर पालथं केलंत तर तळाला बसलेली माती परत पाल्यावरच येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करा. शेवटचं पाणी पिण्याचं वापरा. बाहेरचा बर्फ रसात नको.

रसाचा फायदा काय, तेही सांगायला हवं, नाहीतर ही बाई नुसतं घाबरवतेय असं व्हायचं. ज्यांचे दात गेलेत, ज्यांना कोशिंबीर चावत नाही, आजारपणातून उठल्यावर ज्यांची भूक मेलीय, त्यांच्यापर्यंत कच्ची भाजी पोचवायची ही चांगली वाट आहे. गाजरातलं कॅरोटीन पेशींच्या भिंतींत अडकलेलं असतं. कच्चं गाजर चावून खाण्यापेक्षा ते वाटल्यावर शरीराला जास्त मिळतं, त्याला थोडं स्निग्ध लागतं इतकंच. म्हणून गाजराचा रस नाश्त्याबरोबर घ्या, किंवा सोबत चार शेंगदाणे खा. पण रस प्यायला म्हणून जेवणातली भाजी सुटत नाही. शरीर "आतून धुऊन काढायला" आठ दिवस नुसत्या रसावर राहायचं खूळ डोक्यात असेल तर काढून टाका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतायत, आणि नुसत्या रसात त्यांना लागणारी प्रथिनं जवळजवळ नसतातच.

काही जणांनी आधी डॉक्टरांना विचारायचं आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल आणि पोटॅशियम जपायला सांगितलं असेल तर रस सुरू करू नका. मुतखडा होऊन गेलेल्यांनी पालक आणि बीट टाळा, त्यांच्यात ऑक्झलेट खूप असतं. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजीचा रस अचानक सुरू करणं धोक्याचं, कारण पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन वर कारल्याचा रस पिणाऱ्यांची साखर एकदम खाली येऊ शकते. गरोदर बायकांनी कारल्याचा रस नको. आणि बीटाचा रस प्यायल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, काही जणांना तसं होतं, तो बीटाचाच रंग असतो. बीट बंद केल्यावरही रंग राहिला तर मात्र तपासून घ्या.

फडक्यात उरलेला चोथा टाकून देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. भाजीतला बराचसा तंतू त्यातच आहे. गाजर-बीट-काकडीचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत मळा, ज्वारीच्या पिठात कांदा-मिरची घालून धपाटे करा, डाळीच्या पिठात कालवून वड्या उकडा. पाणी निघून गेलेलं असल्यामुळे पीठ सैल होत नाही आणि थालीपीठ खरपूस होतं. मुलं बीटाचं लाल थालीपीठ आवडीनं खातात. मोसंबीच्या फोडींचा चोथा असेल तर त्यात नको, तो कडवट लागतो.

आता यंत्र. बाजारात मुख्य दोन जाती आहेत. एक जाळीचं, मिनिटाला हजारो फेरे घेणारं. ते स्वस्त, झटपट, गाजर-सफरचंद-बीटाला चांगलं, पण पाल्यातून त्याला फारसं काही निघत नाही आणि फेस खूप येतो. दुसरं मळसूत्राचं, ज्याला कोल्ड प्रेस म्हणतात. ते मिनिटाला शंभराच्या आतच फेरे घेतं, भाजी चिरडून पिळतं, पाल्याचाही रस देतं, चोथा जास्त कोरडा काढतं. महाग असतं, वेळ घेतं, आणि घाई करून कोंबलंत तर अडकतं. रोज पालेभाजीचा रस करणार असाल तरच ते घ्या. आठवड्यातून दोनदा काकडी-गाजर करणाऱ्याला मिक्सर आणि फडकं भरपूर झालं.

दुकानात गेलात तर वॅट किती आहेत हे विचारण्याआधी यंत्र खोलून दाखवायला सांगा. किती भाग सुटतात, जाळीत ब्रश जातो का, तुमच्या हातानं परत बसवता येतं का, हे तिथेच करून बघा. सुटे भाग आणि दुरुस्ती कोल्हापुरात मिळते का, तेही विचारा. जाळी रस काढल्या काढल्या नळाखाली धरली तर मिनिटात साफ होते. वाळू दिलीत तर भोकं बुजतात आणि पुढच्या वेळी निम्मा रस चोथ्यातच जातो. घरी धुणार कोण, हे ठरवूनच पैसे मोजा.