ब्लॉगमधून महिन्याला किती सुटतात? फळ्यावरचा खरा हिशेब

(कॅमेऱ्यासमोर. मागे काळा फळा, कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं: "1000 पानं = किती रुपये?")

नमस्कार मंडळी. "ब्लॉग काढला तर महिन्याला किती सुटतात?" या प्रश्नाचं उत्तर जो एका आकड्यात देतो, तो बहुतेक वेळा तुम्हाला कोर्स विकत असतो. आपण आकडा देणार नाही, आकडा काढायचा कसा ते बघू. वही-पेन घेऊन बसा.

आधी जाहिरात, कारण सगळ्यांच्या डोक्यात तीच असते. गुगल ॲडसेन्स, म्हणजे तुमच्या पानावर जाहिराती लावून त्यातला वाटा तुम्हाला देणारी गुगलची सोय. तुमच्या पानावर जी जाहिरात दिसते तिचा क्षणार्धात लिलाव होतो. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांचा सौदा निघतो ना, तसाच. बोली लावणारे जास्त, तर भाव जास्त. इंग्रजीत कर्जावर किंवा विम्यावर लिहिलेल्या पानावर बोली लावणाऱ्यांची रांग लागते. मराठीत "रंकाळ्याचा इतिहास" वाचायला आलेल्या माणसाला त्या क्षणी काहीच विकत घ्यायचं नसतं, मग त्याच्यासाठी बोली कोण आणि कशाला वाढवेल? लेख चांगला असतो, भाव पडलेला असतो. या दोन गोष्टींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे लवकर पचवलेलं बरं.

या भावाला आरपीएम म्हणतात. हजार पानं बघितली गेली की तुमच्या वाट्याला किती आले, तो आकडा.

(फळ्यावर लिहीत)

हिशेबाला सोपं जावं म्हणून 50 रुपये धरू. धरू म्हणतोय, वचन देत नाही. विषयानुसार यापेक्षा खूप कमीही पडतात, कधी जास्तही. तर 10,000 पानं बघितली गेली, मिळाले 500 रुपये. 1 लाख पानं, 5,000 रुपये. महिन्याला 25,000 हवे असतील तर दर महिन्याला 5 लाख पानं बघितली गेली पाहिजेत. तुमचे 100 लेख असतील तर प्रत्येक लेख रोज साधारण 165 वेळा उघडला पाहिजे. आणि सगळे लेख सारखे चालत नाहीत. शंभरातले दहा-बारा ओढतात, बाकीचे नुसते बसून असतात.

आता पैसे हातात कधी पडतात? ॲडसेन्सचे पैसे 100 डॉलर जमल्याशिवाय निघत नाहीत. डॉलर 85 रुपयांचा धरा, म्हणजे 8,500 रुपये. आपल्या 50 च्या भावानं 1 लाख 70 हजार पानं. नव्या ब्लॉगला तिथवर पोचायला वर्षही लागू शकतं. तोवर रक्कम बुडत नाही, पुढच्या महिन्यात ओढली जाते. 100 पार झाले की पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान पैसे सुटतात.

मधे एक खोडा आहे. 10 डॉलर जमले की गुगल तुमच्या पत्त्यावर पोस्टानं एक पिन पाठवतं, पत्ता खरा आहे का ते तपासायचा आकडी कोड. साधं पत्र असतं, सही घेऊन देत नाहीत. "मारुतीच्या देवळाजवळ, मंगळवार पेठ" एवढाच पत्ता टाकला असेल तर पत्र गल्लीत फिरून परत जातं. घर नंबर, गल्ली, पिनकोड पूर्ण लिहा आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. पहिला पिन निघाल्यापासून 4 महिन्यांत तो ॲडसेन्सच्या खात्यात भरला नाही तर जाहिराती दिसायच्या बंद होतात. दुसरी गोष्ट, ॲडसेन्सवरचं नाव आणि बँक पासबुकावरचं नाव अक्षर न अक्षर एक पाहिजे. खातं पतसंस्थेत असून चालणार नाही, पैसे परदेशातून येतात. स्विफ्ट कोड देणारी आणि परकीय चलनाचं काम बघणारी बँक लागते. शाखेत जाऊन आधी विचारा, आणि रक्कम आल्यावर परदेशातून पैसे आल्याचा दाखला मागून घ्या. रिटर्न भरताना लागतो.

(कॅमेऱ्याच्या जवळ येत)

आणि हे मनापासून ऐका. तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून "भावांनो, जरा जाहिरातीवर क्लिक करा" असं लिहायचं नाही. स्वतःही क्लिक करायचं नाही. एकाच भागातून, एकाच दिवशी, नेहमीचीच मंडळी येऊन क्लिक करायला लागली की ते गुगलला लगेच कळतं. पहिल्यांदा महिनाअखेरीस रक्कम कापली जाते. म्हणूनच रोज दिसणारा आकडा "अंदाजे" असतो. प्रकरण वाढलं तर खातंच बंद. एका माणसाला एकच खातं मिळतं, त्यामुळे बंद झालेल्या खात्याच्या जागी दुसरं उघडता येत नाही. मदत करायला आलेले मित्रच धंदा बसवतात, ते असे.

आता वेळ. आपल्याकडं अडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात आणि तो तुटायला 16 ते 18 महिने लागतात. तीन महिन्यांनी शेतात जाऊन "अजून बिल का नाही?" असं कोणी विचारत नाही. ब्लॉगचं मात्र सगळे तिसऱ्या महिन्यातच विचारतात. पहिले तीन महिने गुगलला तुमची पानं सापडणं, तपासणं, यादीत घेणं यात जातात. तेव्हाची कमाई शून्य धरा, अगदी शून्य. या काळात पैसे बघायचे नाहीत, सर्च कन्सोल बघायचं, म्हणजे तुमची पानं शोधात कशी दिसतात ते दाखवणारं गुगलचं साधन. ते फुकट आहे. त्यात "इम्प्रेशन्स" म्हणून आकडा असतो, म्हणजे तुमचं पान शोधात किती वेळा दिसलं. तो आकडा महिन्यागणिक वाढतोय का, एवढंच बघा. 30 लेख झाले, सहा महिने झाले आणि इम्प्रेशन्स जमिनीवरच, तर लेख वाढवून उपयोग नाही. विषय चुकला किंवा शब्द चुकले.

शब्द चुकतात म्हणजे काय? तुम्ही लिहिता "पन्हाळगड पर्यटन मार्गदर्शक". लोक लिहितात "कोल्हापूर ते पन्हाळा किती किलोमीटर", तेही बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत. मोबाइलवर देवनागरी टाइप करायचा कंटाळा असतो. म्हणून शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात लोक जसं विचारतात तसा प्रश्न टाका, आणि उत्तर लगेच दुसऱ्या ओळीत द्या. किल्ल्याची थोरवी नंतर.

कोणत्या विषयाचे वाचक येतात पण पैसे आणत नाहीत? पंचगंगेचं बघा. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पाणी चढायला लागलं की अख्खा जिल्हा तोच आकडा शोधतो. त्यावर पान केलंत तर दोन दिवस वाचकांचा लोंढा येईल. पण ज्याच्या अंगणात पाणी आलंय तो जाहिरात बघून काय घेणार? पाणी ओसरलं की वाचकही गेला. सरकारी योजनांच्या ब्लॉगचं तेच. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा मराठीत ढिगानं पानं निघाली, एकाचं बघून दुसऱ्यानं लिहिलेली. हप्त्याची तारीख बदलली की लेख शिळा. रोज नवा लिहायचा, आणि स्पर्धा वर्तमानपत्रांशी. हे नोकरीपेक्षा कष्टाचं काम आहे, पगार मात्र नाही.

एआयकडून दिवसाला वीस लेख पाडून घ्यायची युक्तीही सांगितली जाते. मार्च 2024 मध्ये गुगलनं नियम स्पष्ट केला: नुसतं शोधात वर यायला ढिगानं तयार केलेला, वाचकाच्या कामाचा नसलेला मजकूर म्हणजे स्पॅम, मग तो माणसानं लिहिलेला असो वा यंत्रानं. अशी पानं एका अपडेटमध्ये शोधातून गायब होऊ शकतात. ॲडसेन्सकडून "लो व्हॅल्यू कंटेंट" असा शेरा येऊन जाहिराती मिळवायचा अर्ज परत येतो, त्याचंही एक मोठं कारण हेच असतं.

(फळा पुसून नवीन हिशेब)

आता विषय हार्ड. समजा कोणी चपलाच्या धंद्यात आहे. कोल्हापुरी चप्पल, 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. त्यानं तीन लेख लिहिले. कागदावर पाऊल ठेवून माप कसं घ्यायचं. चप्पल पावसात भिजली तर काय करायचं: उन्हात टाकायची नाही, सावलीत वाळवायची, मग तेलाचा हात. आणि खरं चामडं ओळखायचं कसं. महिन्याला 2,000 वाचक आले. जाहिरातीनं मिळाले असते 100 रुपये. पण हे 2,000 जण चप्पल घ्यायच्या विचारात असलेले आहेत. दोनशेतल्या एकानं घेतली असं धरू, म्हणजे 10 जोड. जोडामागं 300 रुपये सुटत असतील तर 3,000. वाचक तेवढेच, पैसे तीस पट.

यातून खर्च वजा करा. ऑनलाइन पैसे घेणारी कंपनी साधारण 2 टक्के आणि त्यावर जीएसटी कापते. आणि चपलेचा खरा शत्रू म्हणजे परत येणारा माल. माप चुकलं की जाण्या-येण्याचा कुरिअर दोन्हीकडचा तुमच्या माथी, जोडामागचा नफा तिथंच संपतो. म्हणून तिन्हीतला मापाचा लेख सगळ्यात महत्त्वाचा. तो गिऱ्हाईक आणतो आणि परतीही कमी करतो.

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्री असेल तर गणित आणखी वेगळं. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, हवेचे पोकळ डाग का राहतात, वाळूतला ओलावा किती महत्त्वाचा, हे इंग्रजीत नीट लिहिलेलं पान महिन्याला 200 जणच वाचतील. त्यातला एक जण पुण्याच्या किंवा चेन्नईच्या कारखान्यात खरेदी बघणारा असला तर बास. तिथं ॲडसेन्स लावूच नका. तुमच्या पानावर तुमच्याच स्पर्धकाची जाहिरात यायची.

विकायला स्वतःचं काही नसेल तर दुसऱ्याच्या वस्तूवर दलाली, म्हणजे ॲफिलिएट. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात कमिशन वस्तूच्या प्रकारानुसार बदलतं, मोबाइलवर अगदी किरकोळ. लिंकवर गेल्यापासून 24 तासांत वस्तू टोपलीत पडली नाही तर तुमच्या नावावर काही नाही. आणि नव्या खात्यावर 180 दिवसांत किमान 3 विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. म्हणून वाचक यायला लागल्यावरच नाव नोंदवा, पहिल्या दिवशी नको. लिंक दलालीची आहे हे पानावर सुरुवातीलाच मराठीत लिहा. जाहिरात लपवून दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत.

ब्लॉग जरा वर आला की मेल यायला लागतात: "तुमच्या पानावर एक लिंक टाका, इतके डॉलर देतो." बऱ्याच लिंक जुगाराच्या साइटच्या असतात. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणंही गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो मेल सरळ उडवा. साध्या धंद्याची पैसे घेतलेली लिंक असेल तर तिला "स्पॉन्सर्ड" हा टॅग लावायचा, म्हणजे लिंक पैसे घेऊन टाकलीय हे गुगलला कळतं. पैसे देणाऱ्याला तो टॅग नको असतो, कारण मग गुगल त्या लिंकला वजन देत नाही. तो नको म्हणाला की समजायचं, त्याला तुमचे वाचक नकोत, तुमच्या पानाची पत हवी आहे.

खर्च पटकन सांगतो. डोमेन, म्हणजे तुमच्या ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, वर्षाला साधारण 800 ते 1,300 रुपये. गुगलच्या ब्लॉगर या सेवेवर चालवलं तर होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायची जागा, फुकट. वर्डप्रेसला होस्टिंग घ्यावं लागतं, पहिल्या वर्षी स्वस्त दाखवतात आणि नूतनीकरणाला भाव दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून दुसऱ्या वर्षाचा दर बघूनच घ्या. पण खरा खर्च वेळेचा. शोधाशोध, लिहिणं, फोटो, तपासणं धरून एका चांगल्या लेखाला 6 तास लागतात. 60 लेख म्हणजे 360 तास. रोज एक तास दिला तर जवळजवळ एक वर्ष. जो पैसा येईल तो करपात्र आहे, डोमेन-होस्टिंगची बिलं ठेवा, ती खर्चात धरता येतात. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आसपास गेली तर जीएसटीचं सीएला विचारा. बहुतेकांना ती वेळ येणार नाही.

आणि डोमेन घ्यायच्या आधी एक काम. एका बैठकीत तुमच्या विषयाचे 40 प्रश्न लिहून काढा, गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतो तसे. बाराव्या प्रश्नालाच पेन थांबलं तर विषय छोटा आहे. चाळीस झाले तर प्रत्येकासमोर लिहा: हा प्रश्न विचारणारा पुढच्या आठवड्यात कशावर पैसे खर्च करणार आहे? ज्यांच्यासमोर उत्तर सापडलं त्या प्रश्नांवर आधी लिहायचं. ज्यांच्यासमोर कोरं राहिलं ते हौसेचे. तेही लिहा, फक्त त्यांच्या भरवशावर हप्त्याची गाडी घेऊ नका.