हाताला दिसतं ते

[दृश्य: टेबलावर चहाचा कप. संथ गतीत पुढे येणारा हात.]

हा हात नीट पाहा. कप अजून लांब आहे, तरी अंगठा आणि बोटं फाकायला लागलीत. निम्म्याहून जास्त वेळ सरला की ती सगळ्यात जास्त उघडतात, पकडायच्या वस्तूपेक्षा थोडी जास्तच, आणि मग मिटत मिटत कपाच्या कानाला भिडतात. तिथे टाचणी असती तर इतकी उघडलीच नसती. फ्रान्समधले संशोधक मार्क जानेरो यांनी 1980 च्या दशकात ही हालचाल बारकाईने मोजली. स्पर्श व्हायच्या आत डोळ्यांनी माप घेतलेलं असतं.

पण कप ओळखणारी नजर आणि हाताला माप देणारी नजर एकच का?

[दृश्य: हातात उभी धरलेली पेन्सिल.]

1988 साली स्कॉटलंडची एक तरुण बाई इटलीत कार्बन मोनॉक्साइडने गुदमरली. जीव वाचला, पण मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली. संशोधनात तिला डी. एफ. म्हणतात. तिला रंग कळत, आकार कळत नसत. समोरची पेन्सिल उभी की आडवी, सांगता येईना. आणि तीच पेन्सिल तिने हात पुढे करून सहज घेतली, मनगट बरोबर वळवून!

डेव्हिड मिल्नर आणि मेल्विन गुडेल या संशोधकांनी मग तिच्यापुढे पोस्टाच्या पेटीसारखी एक फट ठेवली. फट जशी तिरकी आहे तसं हातातलं कार्ड नुसतं धरून दाखवा, म्हटलं की चुकायची. कार्ड आत टाका, म्हटलं की जवळजवळ तुमच्याआमच्याइतकंच अचूक टाकायची.

याच्या अगदी उलट रुग्ण हंगेरीचे डॉक्टर रेझो बालिंट यांनी 1909 मध्येच नोंदवला होता. त्याला वस्तू ओळखता येत, पण उजवा हात चुके. सिगारेट तो टोकाऐवजी मधोमध पेटवी.

[दृश्य: मेंदूचं रेखाचित्र.]

मागून कानशिलाकडे जाणारी वाट वस्तू ओळखते. माथ्याकडे जाणारी हाताला चालवते. डी. एफ.ची पहिली वाट तुटली होती.

मला सगळ्यात हलवून गेला तो पुढचा प्रयोग. ठोकळा दाखवला, दोन सेकंद थांबवलं, आणि तो समोर आहे असं समजून उचलायला सांगितलं. ठोकळा लहान असो की मोठा, आता तिची बोटं त्याच्या मापाने उघडेनात. दोनच सेकंदांत हात माप विसरला होता.